शुश्रूषागृहाची पारख

जबलपूर शहराच्या घमापूर भागालगत कांचघर नावाची वस्ती आहे. तेथे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करू. आजोबा आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले. आता पक्षाघाताने अंथरुणास खिळले आहेत. मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो आणि आजींच्या हातून त्यांना उचलणे होत नाही. अखेर आजोबांना काही महिने शुश्रूषागृहात ठेवावे असे ठरते. एका ठिकाणची फरशी लखलखीत आहे, दुसऱ्या ठिकाणचा दर माफक आहे, तिसऱ्याची शिफारस शेजाऱ्यांनी केली आहे. परंतु रात्री दोन वाजता आजोबांना तहान लागली तर पाणी कोण देईल, हे यांपैकी कशावरूनही कळत नाही. निवड चुकली तर ते सांगण्यास आजोबांजवळ वाचा उरलेली नाही. ज्याला बोलता येत नाही त्याची देखभाल कशी होत आहे, हे दुसऱ्याने कसे ओळखावे, हा या लेखाचा विषय होय.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे बहुधा लहानसे खाजगी रुग्णालय. पाश्चात्य देशांत मात्र वृद्ध व परावलंबी माणसांची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या गृहास हे नाव आहे. येथे मुख्यतः दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. तथापि पारखीची तत्त्वे दोहोंसही लागू पडतात.

पारखीची तीन अंगे

बैरूत येथे जन्मलेले व पुढे अमेरिकेत अध्यापन करणारे वैद्य अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा, असे त्यांचे प्रतिपादन होते : रचना, प्रक्रिया आणि फलित. रचना म्हणजे जे आहे ते. इमारत, खाटा, सेवकवर्ग, साधने. प्रक्रिया म्हणजे जे केले जाते ते. फलित म्हणजे त्यातून माणसाचे जे बरेवाईट होते ते. आजही ही विभागणी पायाभूत मानली जाते.

कायदा मुख्यतः रचना पाहतो. मुंबई राज्यात १९४९ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा अधिनियम झाला. मध्य प्रदेशात १९७३ च्या अधिनियमाने उपचर्यागृहांना नोंदणी व परवाना आवश्यक केला. रचनेकडे दुर्लक्ष केल्यास केवढा अनर्थ ओढवतो, हे जबलपूरने पाहिले आहे. १ ऑगस्ट २०२२ रोजी शहरातील दमोह नाका भागातील एका खाजगी रुग्णालयास आग लागून आठ जणांचा मृत्यू झाला. आत-बाहेर जाण्यास तेथे एकच वाट होती. ज्या गृहातील माणसे स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत, तेथे दुसरे दार ही चैन नव्हे. परंतु परवाना आहे, दारे दोन आहेत, एवढ्यावरून शुश्रूषा चांगली आहे असे ठरत नाही. भांडी चकचकीत असली म्हणजे स्वयंपाक रुचकर होतोच असे नाही.

शय्याव्रणाची साक्ष

प्रक्रिया व फलित यांचा संबंध एका उदाहरणाने चांगला उमगतो. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. पक्षाघात झालेल्यास ते जमत नाही. माकडहाड, टाचा, खुबे अशा ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच पेशी मरू लागतात. ओल आणि घर्षण यांनी हानी वाढते. खाणे अपुरे असेल तर जखम भरत नाही. यालाच शय्याव्रण म्हणतात. प्रारंभी केवळ एक लाल डाग दिसतो. बोटाने दाबूनही तो फिका पडत नाही, ही त्याची खूण. सावळ्या कातडीवर ही लाली सहसा दिसत नाही; तेथे आसपासच्या कातडीहून अधिक ऊब किंवा कठीणपणा हातास जाणवतो का, हे पाहावे लागते.

रुग्णास सुमारे दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, अंग कोरडे ठेवणे व रोज कातडी तपासणे ही प्रक्रिया. व्रण न होणे हे फलित. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मध्यरात्रीही जागे असणारे, पुरेसे सेवक लागतात. शय्याव्रणाचा दोष बहुतेक वेळा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच मांडले होते. अखेरच्या आजारात उत्तम शुश्रूषेनंतरही क्वचित व्रण होतो, हे आजचे वैद्यक मान्य करते. पण मूळ विचार खोटा ठरलेला नाही.

आकड्यांचा चकवा

मग व्रणांची संख्या मोजून गृहांचा क्रम लावावा काय? येथे सावध राहिले पाहिजे. जे गृह अत्यवस्थ रुग्णांनाही आश्रय देते, तेथे व्रण व मृत्यू अधिक दिसणारच. चालत्याबोलत्यांनाच प्रवेश देणाऱ्या गृहाचे आकडे आपोआप उजळ दिसतात. म्हणून तुलना सारख्या रुग्णांचीच करावी. शिवाय जे गृह प्रत्येक डागाची प्रामाणिक नोंद करते ते कागदावर वाईट ठरते, आणि जे नोंदच ठेवत नाही ते निर्दोष भासते. अमेरिकेच्या संघीय शासनाने २००८ साली शुश्रूषागृहांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा सेवकांची संख्या गृहांनी स्वतःच कळवावयाची असे. पुढे, २०१६ पासून, वेतनपत्रकांवर आधारलेली माहिती देणे बंधनकारक झाले. परीक्षार्थ्यानेच आपले गुण लिहू नयेत, हा त्यातील बोध.

कुटुंबाने काय पाहावे

तात्पर्य, कांचघरच्या कुटुंबाने आधी परवाना व बाहेर पडण्याच्या वाटा पाहाव्यात. पण तेथेच थांबू नये. शक्य तर आगाऊ न कळवता, संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी जावे. रात्री किती रुग्णांमागे किती सेवक असतात, हे विचारावे. पाण्याचे भांडे रुग्णाच्या हाताशी आहे की दूर टेबलावर, जेवण भरवले जाते की नुसते पुढे ठेवले जाते, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना सेवक हात धुतात का, हे पाहावे. कोणास खाटेला बांधून किंवा गुंगीचे औषध देऊन गप्प ठेवलेले नाही ना, याची खात्री करावी. कूस बदलल्याची नोंदवही मागावी. आजोबांना ठेवल्यानंतरही प्रत्येक भेटीत त्यांची पाठ व टाचा स्वतः पाहाव्यात.

आजोबा बोलू शकत नाहीत. पण त्यांची कातडी, त्यांचे वजन, त्यांचे कोरडे किंवा ओले ओठ पुष्कळ काही सांगत असतात. ती भाषा वाचण्यास वैद्य असावे लागत नाही. ती वाचणारे कोणी नियमितपणे येते, हे ज्या गृहास ठाऊक असते, तेथे रात्री दोन वाजताही पाणी मिळण्याचा संभव वाढतो.