जुन्या कॅमेऱ्यांची दुखणी

आपल्या गावात १९६० ते १९८० च्या दरम्यान ज्यांची लग्ने झाली, त्यांचे अल्बम उघडून पाहिले तर त्यांतली पुष्कळशी छायाचित्रे चौकोनी आढळतील. ती ज्या निगेटिव्हवरून छापली, ती सहा सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद असे. छायाचित्रकार छातीशी कॅमेरा धरी, मान खाली घालून वरच्या काचेत पाही आणि 'हं, हसा' म्हणे. दोन भिंगांचा हा कॅमेरा जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके यांनी रोलायफ्लेक्स या नावाने १९२९ साली बाजारात आणला. १९५७ पासून जपानची यशिका-मॅट त्याच घाटाची आली. ज्यांना ही दोन्ही परवडत नसत, त्यांच्यासाठी बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-३ होता. या सर्वांना लागणारी १२० क्रमांकाची फिल्म कोडॅकने १९०१ साली काढली आणि ती आजही तयार होते. तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतला वडिलांचा कॅमेरा ही केवळ आठवणीची वस्तू आहे असे मानण्याचे कारण नाही.

हा कॅमेरा खाली येतो, बटण दाबले जाते, आणि काहीच होत नाही. मग बहुतेक घरांत जे घडते, त्याबद्दल मला प्रथम बोलायचे आहे. सोलापूर हे मागांचे गाव. खडखडणारा माग जरा अडखळला की हात तेलाच्या कुपीकडे जातो. शिलाईचे यंत्र जड चालले तरी तोच उपाय. त्याच सवयीने शिलाईच्या यंत्राच्या तेलाचे दोन थेंब कॅमेऱ्याच्या भिंगामागेही सोडले जातात. शटर पाचदहा मिनिटे सुरेख चालते, घरात आनंद होतो, आणि आठवड्याने ते पूर्वीपेक्षाही घट्ट बसते.

असे का होते, ते शटर कसे चालते हे पाहिले म्हणजे कळेल. या कॅमेऱ्यांच्या शटरमध्ये कागदाइतक्या पातळ पोलादी पाकळ्या असतात. त्या एकमेकींवर घसरत उघडतात आणि मिटतात. एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात हा व्यवहार उरकायचा, तर पाकळ्या कोरड्या ठणठणीत हव्यात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सुटत नाहीत. तेलाच्या पटलाने पाकळ्यांचे तसेच होते. मागाच्या धोट्याला मागून जोराचा तडाखा मिळतो, म्हणून थोडा चिकटा त्याला भारी पडत नाही. पाकळीमागची स्प्रिंग मात्र केसासारखी नाजूक असते.

बरे, बाहेरून कोणी तेल घातले नाही तरी आपला उन्हाळा ते काम करतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो; पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. कारखान्यात दातेरी चाकांना लावलेल्या ग्रीसमधले तेल उष्णतेने सुटते आणि वर्षानुवर्षे सरकत सरकत पाकळ्यांपर्यंत पोहोचते. मागे उरतो तो मेणासारखा घट्ट राप. म्हणजे एकाच कॅमेऱ्यात दोन विरुद्ध रोग झालेले असतात. जिथे कोरडे हवे तिथे ओल आलेली असते, आणि जिथे वंगण हवे तिथे खळ धरलेली असते.

या दुसऱ्या रोगाची खूण कानाने कळते. शटरच्या सावकाश गतींसाठी, म्हणजे एक सेकंद, अर्धा, पाव यांसाठी, आत गजराच्या घड्याळासारखी दातेरी चाकांची एक छोटी गाडी असते. ती पाकळ्यांना ठरावीक वेळ अडवून धरते. गती एका सेकंदावर ठेवून बटण दाबा. निरोगी शटर सारखा, अखंड 'घर्र' आवाज करून मिटते. आवाज मध्येच रेंगाळला किंवा अर्ध्यावर थांबला, तर ग्रीस सुकले आहे असे समजावे. मागचे झाकण उघडून, कॅमेरा खिडकीकडे धरून हेच पुन्हा पाहावे. त्या वेळी पाकळ्यांवर इंद्रधनुषी चकाकी दिसली तर तेल आले आहे.

वेळ मोजण्याची सोय आता खिशातच आहे. सेकंदाला २४० चित्रे टिपणारी मंदगती चित्रफीत पुष्कळ मोबाइलांवर घेता येते. ती घेऊन शटर किती चित्रांत उघडे दिसते ते मोजावे: एक सेकंदाला २४०, पंधराव्या भागाला १६, साठाव्या भागाला ४. त्याहून जलद गतींचा हिशेब या रीतीने भरवशाचा नाही. आणि वेळ थोडी चुकली म्हणून हळहळू नये. पाचशेव्या भागाचे शटर तीनशेव्या भागात मिटले तर निगेटिव्ह फिल्म ते मुकाट्याने सोसते. एका सेकंदाऐवजी तीन सेकंद लागत असतील तर मात्र कारागीर गाठावा.

उपाय तेल घालण्याचा नसून तेल काढण्याचा आहे. जाणता कारागीर पुढची भिंगे उतरवतो आणि लायटरमध्ये घालतात त्या शुद्ध पेट्रोलाने पाकळ्या पुन्हा पुन्हा धुतो; चाकांच्या आसांवर सुईच्या टोकाने तेलाचा कण ठेवतो, तेवढाच. रॉकेल वापरू नये, कारण ते स्वतःच तेलकट थर मागे ठेवते. आणि पेट्रोलाचे काम स्वयंपाकघरात किंवा भर दुपारी बंद खोलीत करू नये, हे सांगायला नको.

काही कॅमेरे मात्र बिघडलेले नसतातच. रोलायफ्लेक्सची चावी पुढे फिरून थांबली की उलट मागे आणावी लागते. हा परतीचा फेरा अपुरा राहिला तर शटर ताणले जात नाही आणि मालक म्हणतो, 'जाम झाला.' बटणाभोवतीची कुलपाची कडी फिरलेली असते, ती कोणी पाहत नाही. स्वीडनच्या हॅसलब्लॅडमध्ये फिल्मच्या डब्यापुढची धातूची पट्टी काढल्याशिवाय बटण दबतच नाही. फिल्म वाचावी म्हणून केलेली ती युक्ती आहे. त्याच कॅमेऱ्याचे भिंग शटर ताणलेले नसताना उतरू पाहिले तर खरेच अडते. भिंग आणि पेटी दोन्ही ताणलेली हवीत, तरच ती एकमेकांना सोडतात.

जोर लावण्याने झालेले नुकसान बहुधा दुरुस्त होत नाही. आग्फा आयसोलेट या घडीच्या कॅमेऱ्यातले हिरवे ग्रीस सुकून सरसासारखे होते. पुढचे भिंग मागच्याला चिकटते आणि अंतराची कडी हलत नाही. पक्कड लावून ती फिरवली की दोन्ही भिंगे एकत्र फिरतात, आणि त्यानंतर एकही चित्र रेखीव येत नाही. तसेच, बहुतेक जुन्या शटरांत पाचशेव्या भागासाठी वेगळी जोडस्प्रिंग असते. शटर ताणल्यावर गती तिथे नेऊ नये, आधी न्यावी. आपोआप फोटो काढणाऱ्या छोट्या दांडीला तर हातच लावू नये. ती अर्ध्यावर अडली की सगळे शटर अडकते.

प्रकाश आत शिरतो तो फटींतून. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता रात्री अंधाऱ्या खोलीत, आत छोटा दिवा धरून तपासावा. कोपऱ्यांवर चांदण्या दिसतील. यशिकाच्या झाकणाच्या कडेचा स्पंज काळाने चिकट भुकटी होतो. तो खरवडून त्या खाचेत काळी लोकर बसवली तरी भागते. भिंगावरची बुरशी हे कोकण आणि मुंबईचे दुखणे. आपल्याकडे ती कमी, धूळ जास्त. वरच्या काचेखालचा आरसा फडक्याने पुसू नये. त्याचा मुलामा वरच्याच बाजूस असतो, तो फडक्याबरोबर निघून येतो.

आणि एक गोष्ट सर्वांत आधी करायची, म्हणून शेवटी ठेवली आहे. मागचे झाकण उघडण्यापूर्वी चावी हलक्या हाताने फिरवून पाहा, किंवा मागे लाल खिडकी असेल तर तीत आकडा दिसतो का ते पाहा. आकडा दिसला किंवा चावीला ओढ लागली तर आत फिल्म आहे. ती कदाचित चाळीस वर्षांपूर्वीची असेल आणि तिच्यावर आज हयात नसलेली माणसे असतील. चावी फिरत असेल तर फिल्म शेवटपर्यंत गुंडाळून घ्यावी. फिरत नसेल तर रात्री सर्व दिवे मालवून, दारांच्या फटी बुजवून, दुहेरी सोलापुरी चादरीखाली बसावे आणि झाकण उघडून ती बोटांनीच घट्ट गुंडाळावी. लाल दिवासुद्धा चालत नाही. मग ती काळ्या कागदात बांधून, 'जुनी आहे, कृष्णधवल रीतीने धुवावी' असे वर लिहून द्यावी.