ही गोष्ट कोण सांगतंय?

सुट्टी लागली, की रायपूरच्या समता कॉलनीतली मुलंही सहलीचा हट्ट धरणारच! पण खेळता खेळता मुलं इतिहासही शिकतात.

१९५५ साली अमेरिकेत डिस्नेलँड उघडलं. तिथल्या ‘फ्रंटियरलँड’मध्ये नदीकाठी एक जळतं लाकडी घर होतं आणि शेजारी बाण लागून पडलेला गोरा माणूस. म्हणजे मूळ रहिवासी तेवढे क्रूर! पुढे बाण काढला, घराची गोष्टही बदलली. पण जमीन कुणाची गेली, ते घरानं सांगितलं नाही.

नवा रायपूरमध्ये २०२५ साली आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालय उघडलं. त्याला नाव आहे वीर नारायण सिंह यांचं. दुष्काळात व्यापाऱ्याचं धान्य भुकेल्यांना वाटणारे, १८५७ साली रायपुरात फाशी गेलेले. इंग्रजांच्या लेखी ते गुन्हेगारच!

मुलांना जरूर न्या. आणि कुठल्याही उद्यानात विचारायला शिकवा : ही गोष्ट कोण सांगतंय?