पाहुणे वाढले की बागेचं पाणी वाढतं

शाळांच्या परीक्षा संपल्या की मानवत रोड स्टेशनवर उतरणारी काही माणसं लांबूनच ओळखू येतात. हैदराबादकडून आलेल्यांच्या हातात बेकरीच्या बिस्किटांचे पुडे, मुंबईकडून आलेल्या मुलांच्या डोळ्यांत रात्रभराच्या प्रवासाची झोप, आणि सगळ्यांच्याच सामानात घडी करून ठेवलेली एखादी रिकामी पिशवी. परत जाताना ती भरून न्यायची असते. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, वाळवलेली अंबाडी, लिंबाचं लोणचं. पाथरी, मानवत, सेलू या पट्ट्यातल्या खेड्यांत आपली जी घरं आहेत, त्यातल्या चार माणसांच्या घरात मे महिन्यात चौदा माणसं झोपतात, आणि झोपतात ती बहुतेक अंगणातच.

परभणीच्या मुस्लीम घरांची नाती हैदराबादशी का जुळलेली असतात, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. शिक्षण, नोकरी आणि सोयरिक या तिन्हींसाठी माणसं तिकडेच जात. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि एकाच आजोबांची नातवंडं दोन राज्यांत वाटली गेली. एकाची शाळा तेलंगणात, दुसऱ्याची मराठीतून. आमच्या अंगणात ती एकत्र आली की भांडण दखनीत होतं आणि समेटही दखनीतच.

हे अंगण सजवायचं कशानं, याचा विचार आम्ही घरातल्या बायका, पोरं आणि एक-दोन हौशी चाचा दर वर्षी करतो. बाजारातून काही आणायचं नाही, एवढं एकच पथ्य. ते पाळायला दादीने लावलं. पाहुण्यांसाठी उधारीवर दिखावा करणं तिला कधी आवडलं नाही.

सगळ्यात आधी चुना. वाफ्याच्या कडेने विटा तिरक्या रोवायच्या, दात दिसतात तशा, आणि एक सोडून एकीला चुना, मधलीला गेरू. दोन तासांचं काम आहे, पण मोडकं अंगणसुद्धा त्याने नीटनेटकं दिसतं. मग फुटका माठ. आमच्याकडे दर उन्हाळ्यात एक तरी माठ फुटतोच. तो आडवा करून अर्धा मातीत पुरायचा आणि त्याच्या तोंडातून ऑफिस टाइमची वेल बाहेर सोडायची. सकाळी दहाच्या सुमाराला फुलं उघडतात, ऊन कलताच मिटतात. माठ सांडला आणि त्यातून रंग वाहिला असं दिसतं. ४३-४४ अंशांच्या उन्हात तग धरणारी झाडं फार थोडी. त्यात ही एक, सदाफुली दुसरी, गुलबक्षी तिसरी. मोगऱ्याला मात्र सावली आणि पाणी दोन्ही लागतं. त्याचे लाड परवडत असतील तरच तो लावावा.

तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे सगळ्यांकडे असतात. लोक त्यांना रंग देतात आणि झाड लावून मोकळे होतात. आठ दिवसांत झाड करपतं, कारण पत्रा तापतो आणि मुळं भाजतात. डब्याच्या तळाला खिळ्याने पाच-सहा भोकं पाडावीत, आणि आतून किंवा बाहेरून गोणपाटाचा एक पदर द्यावा. बाहेरून दिला आणि सुतळीने घट्ट बांधला तर रंगाचीही गरज राहत नाही. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचं असंच. त्यात माती भरून वाफा छान होतो, पण नुसता टायर कोपऱ्यात पडू देऊ नये. पहिल्याच पावसात त्यात पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

काम सगळ्यांना आवडतं ते बांगड्यांचं. ईदला भरलेल्या काचेच्या बांगड्या मेपर्यंत निम्म्या फुटलेल्या असतात. ते तुकडे आमच्याकडे डब्यात साठवले जातात. चिमणीच्या ज्योतीवर तुकडा धरला की काच मऊ होते, वाकते, आणि एकात एक अडकवत साखळी करता येते. अशी बांगड्यांच्या काचांची तोरणं पूर्वी गावोगाव दारांवर दिसत. आता ती करणारी माणसं साठीच्या पुढची आहेत. आमच्या मोठ्या फुफी आल्या की चिमणी काढली जाते. मुलांना त्या हात लावू देत नाहीत, फक्त रंग निवडू देतात. मागच्या खेपेला हिरव्या-पिवळ्या काचांचं तोरण झालं. ते मेहंदीच्या कुंपणावर बांधलं आहे. संध्याकाळी वारा सुटला की वाजतं.

मुलांच्या वाट्याला ज्वारीची धांडं येतात. वरची साल सोलून चिपाडं काढायची, आतल्या भेंडाचे तुकडे करायचे आणि एकात एक खोचून बैलगाडी करायची. मुंबईच्या मुलांना ती पहिल्या दिवशी जमत नाही, तिसऱ्या दिवशी ती चाकं फिरवून दाखवतात. नारळाच्या करवंट्या सुतळीने निंबाला टांगून चिमण्यांसाठी पाणी ठेवणं हेही त्यांचंच काम. झाड लावणाऱ्याला त्या झाडाचं पाखराने किंवा जनावराने खाल्लेलंही सदका म्हणून लिहिलं जातं, ही हदीस मुलांनी मदरशात ऐकलेली असते. करवंटी रिकामी दिसली की एकमेकांना तिची आठवण करून देतात, तीही जरा मोठ्या आवाजात. बुजगावण्याला डोळे काढावेत की नाही, यावर मात्र दादी आणि नातवंडांचा वाद अजून मिटलेला नाही. तूर्त ते बिनडोळ्यांचंच उभं आहे आणि पाखरांना काही फरक पडलेला दिसत नाही.

एवढं सगळं करायचं आणि पाणी कुठून आणायचं? परभणीच्या खेड्यात मे महिन्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय बागेवर बोलणं म्हणजे थट्टा आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं की आमच्या बाजूच्या विहिरींना पाझर फुटतो. नाही सुटलं तर दुपारी घागरी घेऊन रांगेत उभं राहावं लागतं. अशा वेळी सदाफुलीला पाणी घालताना शेजारीण बघत असेल तर हात आखडतो.

आमच्या घरी याचा तोड वजूच्या जागेने काढला. पूर्वी हौदाजवळचं वजूचं पाणी गल्लीच्या नालीत जायचं. ते नालीत जाऊ नये असं जुन्या माणसांना तसंही वाटायचं. आता दगडी फरशीला थोडा उतार देऊन एक उघडी चर काढली आहे. ती आधी मेहंदीच्या कुंपणाला, मग भेंडीच्या वाफ्याला आणि उरलं तर माठातल्या फुलांना जाते. या पाण्यात साबण नसतो, म्हणून झाडांना काही होत नाही. हिशेब सोपा आहे. हदीसमध्ये वजूसाठी एक मुद पाण्याचा उल्लेख येतो, म्हणजे साधारण पाऊण लिटर. नळ सोडून केलेल्या वजूला याच्या चौपट सहज लागतं. म्हणून आमच्याकडे वजूला लोटाच असतो, एक लिटरचा. घरात वजू करणारी बारा माणसं धरली तर दिवसाच्या पाच नमाजांचं साठ लिटर पाणी होतं. चार-पाच घागरी. त्यात बगाऱ्याचे तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं. एरवी पाहुणे वाढले की पाण्याची काळजी वाढते. बागेच्या बाबतीत उलटं होतं, पाहुणे वाढले की तिचं पाणी वाढतं. वाफ्यावर सोयाबीनचं भुसकट चार बोटं जाड अंथरलं, तर तेवढ्या पाण्यात ओल दुसऱ्या दिवसापर्यंत राहते.

भेंडीचं नाव घेतलं ते मुद्दाम. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं ‘परभणी क्रांती’ हे वाण पानं पिवळी पडण्याच्या रोगाला दाद देत नाही म्हणून देशभर गेलं. आमच्याकडे ते भाजीइतकंच फुलासाठी लावतात. फिकट पिवळं फूल, मध्ये गडद लाल ठिपका. ज्यांना बागेसाठी वेगळी जागा नाही, त्यांनी भेंडी लावावी. दस्तरखानावरही येते आणि अंगणातही शोभते. १८ मे हा विद्यापीठाचा स्थापना दिवस. त्या सुमारास बियाण्यासाठी परभणीत शेतकऱ्यांची गर्दी असते. आमचे चाचा हैदराबादच्या भाच्यांना घेऊन तिकडे जाऊन येतात.

आणखी एक गोष्ट या वर्षांत बदलते आहे. रमजान ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०१९ मध्ये ती ५ जूनला होती, २०२२ मध्ये ३ मेला, २०२५ मध्ये ३१ मार्चला. २०२० आणि २०२१ची ईद तर टाळेबंदीत गेली, अंगणात कुणी आलंच नाही. आता पुढची काही वर्षं ईद फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि मग थंडीतच येईल. म्हणजे शीरखुर्म्याला येणारे पाहुणे झेंडू फुललेला असताना येतील. परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला २ फेब्रुवारीपासून जी वर्दळ असते, तिच्या आसपासच ईदचीही वर्दळ होईल. ज्यांना झेंडू हवा त्यांनी रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच टाकावीत. मेची सुट्टी मात्र मेमध्येच राहणार, म्हणून सदाफुलीला निवृत्ती नाही.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात सलते. ज्या फुफींसाठी विटांना चुना लागतो, त्यांना आपण पाहुणी म्हणतो. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. तो भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही. तरी आपल्या खेड्यांत वडील गेले की तलाठ्याकडे वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात, आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. बहीण बोलत नाही, कारण माहेर तुटेल ही भीती. मग तिला ईदला जोडा देतात, आठ दिवस बगारा-दालचा खाऊ घालतात, आणि सगळ्यांना वाटतं की हिशेब पुरा झाला.

आमच्या आजोबांनंतर घरात हा विषय निघाला तेव्हा अंगणाच्या मध्ये भिंत घालायचीही गोष्ट झाली होती. निंब कुणाकडे जाणार यावर अडलं. शेवटी भिंत झाली नाही. दोन्ही फुफींची नावं सातबारावर आहेत. त्यांच्या वाट्याचं शेत आम्हीच कसतो आणि हिशेब दर वर्षी मे महिन्यात अंगणातल्या बाजेवर बसून होतो. धाकट्या फुफी वही घेऊन बसतात आणि कापसाचा भाव मानवतच्या बाजारात विचारूनच आलेल्या असतात. त्यांना फसवणं शक्य नाही, तसा कुणी विचारही करत नाही. वजूच्या चरीला उतार कमी पडतो हे त्यांनीच दाखवलं आणि फरशी उखडायला लावली. पाहुणीने फरशी उखडायला सांगितली असती का?

या वर्षी मोठ्या फुफींनी पूर्वेचा वाफा मागून घेतला आहे. तिथे त्यांना सब्जा लावायचा आहे. बी त्या हैदराबादहून आणणार आहेत आणि त्या नसताना पाणी कोण घालणार, हे नातवंडांत चिठ्ठ्या टाकून ठरणार आहे.