जुन्या गाडीची चाल : बुश नवे, तरी दणके

शॉकअप पुढच्या आठवड्यात. कबूल केलं होतं आजचं, पण भिंगारच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यांची तक्रार इतक्या गाड्यांना लागू पडते की ती मागे ठेववेना.

त्यांची मर्सिडीज ई-२२० आहे, १९९६ची. टायर, हवा, टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा, सगळं या सदरात आधी दिलेल्या क्रमाने त्यांनी तपासलं. पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटलेले निघाले, ते चांगल्या प्रतीचे आणून बदलले. खडखड थांबली, पण गाडी आधीपेक्षा कडक झाली. पाथर्डी रस्त्याला खड्डा लागला की दणका थेट हातात येतो. गॅरेजवाल्यांनी सांगितलं, नवे बुश आहेत, थोडी चालली की बसतील.

बसणार नाहीत, फाटतील. मी त्यांना एवढंच विचारलं, की बोल्ट शेवटचे आवळले तेव्हा चाकं कुठे होती? उत्तर आलं, रॅम्पवर, लोंबकळत.

बुश हातात घेऊन नीट बघा. बाहेर एक नळी, आत एक नळी, मधे रबर. बाहेरची बाजू आर्ममध्ये दाबून बसते. आतली बाजू बोल्ट आवळला की बॉडीशी जखडली जाते. चाक वर-खाली झालं की काहीच घसरत नाही, फिरत नाही. मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना रबराला पीळ शून्य हवा. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर शून्य तिथे ठरतं. गाडी खाली उतरवली की रबर उभ्या जागी पिळलेलं, पिळून तसाच धरून ठेवलेल्या टॉवेलासारखं. खड्ड्यात चाक आणखी वर जातं, पीळ त्याच दिशेने वाढतो, रबर ताठ होतं. दणका तिथून येतो. गाडी पुढून किंचित उंचही दिसते, आणि लोक त्याला स्प्रिंगचा जोर समजतात.

चाक लोंबत असताना बोल्ट आवळायची ही सवय आली कुठून, याचं उत्तर भिंगारकरांच्या दाराशीच आहे. १९९४ साली सुरू झालेल्या टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसची चिलखती गाडी उभी आहे. सिल्व्हर घोस्ट म्हणजे त्या काळातली सगळ्यांत शांत मोटार. तिच्याच सांगाड्यावर चिलखत चढवलं. ती पाट्यांवर चालते, आणि पाट्याच्या टोकाची पिन तेलावर फिरते. पिन फिरणारी असली की नट कुठल्याही स्थितीत आवळा, फरक पडत नाही. ट्रक आणि जुन्या जीपवर हात बसलेले आपले कितीतरी उत्तम मिस्त्री ह्याच तेल-ग्रीसच्या शाळेतले. त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. जोड बदलला, तो बदल कुणी त्यांना सांगितला नाही.

ई-२२० ज्या पिढीतली, ती १९८४मध्ये जर्मनीत आली. पुण्यात तिची जुळणी १९९५ला सुरू झाली. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच लिंक आहेत. दोन्ही बाजू धरून दहा, आणि हा नियम त्या प्रत्येकीला लागू. मागचं काम झाल्यावर गाडी कडक झाली तर पहिला संशय इथेच घ्या.

आता उपाय. नवीन सामान लागत नाही, फक्त बुशचं रबर फाटलेलं नसलं पाहिजे. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा. मग गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्या, चाकं जमिनीवरच राहू द्या. या गाडीत पुढच्या आर्मचे बोल्ट एक्सेंट्रिक आहेत, अलाइनमेंट त्यांच्यावरच जुळते. म्हणून सैल करण्याआधी डोक्याशी छिन्नीने बारीक खूण करा. बोल्ट सैल करा, बॉनेट दाबून गाडी चार-सहा वेळा हलवा, हातभर पुढे-मागे ढकला. ती आपली उंची आपण शोधते. खुणेवर खूण आणा आणि तशीच, चाकांवर उभी असताना, पुस्तकातल्या टॉर्कने आवळा.

खड्डा नसेल आणि दोन खांबांचाच लिफ्ट असेल, तर आर्मखाली जॅक लावून चाक वर घ्या. पण किती वर? इथे मोजमाप कामाचं. बुश बदलण्याआधीची उंची लिहिलेली असेल तर ती. नसेल तर त्या मॉडेलच्या पुस्तकातली. आत्ताची घेऊ नका, ती पिळामुळे वाढलेली आहे.

अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी. पिळलेल्या बुशवर केलेली अलाइनमेंट पीळ सुटला की चुकते, आणि मग टायर आतल्या कडेने झिजायला लागतात.

भिंगारच्या वाचकांनी आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे कळवावेत. उंची जागेवर येऊनही गाडी उड्या मारत असेल, तर पुढच्या आठवड्यातले शॉकअप त्यांच्याच गाडीपासून सुरू करू.