लाळ-खुरकतीची लस पुन्हां पुन्हां कां टोंचावी?

लसीचे डॉक्टर गांवांत आले म्हणजे कित्येक घरचीं दुभतीं जनावरें एकाएकीं रानांत चरावयास जातात, हें शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. “मागल्या सालीं टोंचली, आतां पुन्हां कशास?” हा प्रश्नहि ठरलेला. प्रश्न गैर नाहीं. म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

वडील मंडळींस बुळकांडी आठवत असेल. त्या रोगाची लस एकदां टोंचली म्हणजे जनावरास बहुधा जन्मभर पुरे. कारण तींत विषाणु जिवंत, परंतु दुर्बळ केलेला असे. तो शरीरांत थोडा वाढे व शरीरास झुंजीचा पुरता सराव घडवी. आपल्या देशांत १९९५ नंतर तो रोग दिसला नाहीं, आणि २०११ सालीं साऱ्या जगांतून तो नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.

लाळ-खुरकतीचें तसें नाहीं. हिच्या लसींतील विषाणु मारलेला असतो. त्यामुळें रक्तांत रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें उत्पन्न होतात खरीं, पण तीं सुमारें ६ महिन्यांत ओसरूं लागतात. शिवाय या विषाणूच्या ७ जातींपैकीं ओ, ए व एशिया-१ या ३ आपल्याकडे आढळल्या आहेत. एकीविरुद्ध आलेलें बळ दुसरीस पुरत नाहीं, म्हणून लसींत तिन्ही घालतात. वासरास चौथ्या महिन्याच्या सुमारास पहिली मात्रा, महिन्यानें दुसरी, व पुढें दर ६ महिन्यांस एक, असा क्रम आहे. बळ येण्यास २-३ आठवडे लागतात. यास्तव सांथ दारीं येण्यापूर्वींच टोंचून घ्यावें.

लसीनें दूध घटतें, ही तक्रार अगदींच खोटी नव्हे. एक-दोन दिवस कसर येते, दूध थोडें उतरतें, टोंचल्या जागीं गांठ येते. या थोड्या दुधाच्या लोभानें मीं आपली गाय लागोपाठ दोन फेऱ्यांस लपविली. पुढें ती व्याली आणि सांथ आली. तोंडांत फोड, खुरांत जखमा. गाय वांचली, पण दूध पूर्वपदास आलें नाहीं. १५ दिवसांचें वासरूं मात्र उभ्या जागीं कोसळून मेलें. या रोगांत लहान वासरांच्या हृदयास सूज येते, आणि टोंचलेल्या गाईच्या चिकांतून वासरास बळ मिळतें, हें मला मागाहून समजलें. नोकरीभर दुसऱ्यांच्या नुकसानीचीं कागदपत्रें लिहिलीं. हें नुकसान माझेंच होतें, व माझ्याच हातचें.

आणखी एक गोष्ट. हा रोग लाळेनें, चाऱ्यानें, पाण्याच्या हौदावरून, आपल्या कपड्यांनीं व वहाणांनींहि पसरतो. शेंकडा ८० किंवा अधिक जनावरें एकाच वेळीं टोंचलीं गेलीं, तरच सांथीस पुढें सरकावयास वाट राहत नाहीं. म्हणजे लपविलेलें एक जनावर शेजाऱ्याच्या गोठ्यासहि धोका आहे. लस २ ते ८ अंश थंडाव्यांत राहिली पाहिजे. गोठलेली किंवा तापलेली निरुपयोगी. तेव्हां बर्फाची पेटी पाहण्याचा आपणांस हक्क आहे, तो अवश्य बजवावा.

२०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानें ही लस विनामूल्य दारीं आणिली. पुढील फेरीस जनावरें दावणीस बांधून ठेवावीं, व टोंचल्याची तारीख घरच्या वहींत टिपून ठेवावी, एवढीच विनंति.