टप्प्यांच्या शर्यतीचा नायक

सायकलच्या शर्यतीत जो सर्वांच्या पुढे पोहोचतो तो जिंकतो अशी आपली सरळ समजूत असते. परंतु टप्प्यांच्या शर्यतीचा हिशेब निराळा असून, तेथे रोजचा वेळ दप्तरी नोंदून अखेरीस ज्याची बेरीज सर्वांत कमी भरते त्यास विजयी ठरवतात, आणि म्हणूनच १९९० साली अमेरिकेचा ग्रेग लेमाँड एकही टप्पा न जिंकता ‘टूर द फ्रान्स’ जिंकून गेला.

त्या शर्यतीत हल्ली प्रत्येक पथकात आठ स्वार असतात, आणि त्यांपैकी बहुतेकांची कामगिरी हीच की वारा आपल्या छातीवर घ्यावा, मागे पडून पथकाच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या घ्याव्या, त्या सदऱ्याच्या पाठखिशांत व गळ्याशी कोंबून पुन्हा घोळका गाठावा आणि त्यांतली एक पथकाच्या नायकाच्या हाती द्यावी. नायकाने त्यांच्या आडोशाने राखलेली शक्ती घाटात खर्चायची, जिथे शरीराच्या दर किलोमागे सहा वॉटच्या आसपास, म्हणजे साठ किलोच्या युवकाने ३६० वॉट इतका जोर अर्धा तास टिकवायचा. आणि खरी मेख अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच करायचे.

कोलंबियातील सुमारे २६०० मीटर उंचीवरच्या सिपाकिरा गावात वाढलेला एगान बेर्नाल १९व्या वर्षी व्यावसायिक सायकलपटू झाला, २०१७ मध्ये उदयोन्मुखांची ‘टूर द लाव्हनीर’ जिंकला, आणि तरीही २०१८ च्या ‘टूर’मध्ये त्याने आपल्या पथकातील थॉमस व फ्रूम या ज्येष्ठांची सेवाच केली, विजेत्याचा पिवळा सदरा त्यास मिळाला तो त्यानंतर, २०१९ मध्ये, २२व्या वर्षी. ही उमेदवारी चुकवता येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात हे सांगण्याचे कारण असे, की असा नायक येथूनही घडावा असे मला वाटते, आणि गुणी मुले हेरण्याची कला येथील प्रशासनास अवगत आहे. ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांची मुले निवडून, त्यांस दार्जिलिंग व लडाखपर्यंत तालीम देऊन, मे २०१८ मध्ये त्यांपैकी पाच जणांना एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचवले गेले. शिखर मात्र एकदा सर झाले की झाले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी त्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची, १५ टप्प्यांची शर्यत पूर्ण करून वैदर्भीय चिकाटीची साक्ष दिली. परंतु ती एकट्याची झुंज होती, तिच्यात ना पथक, ना सेवा घेण्याची कला.

उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणारा पारा येथे शिक्षाच समजला जातो, मात्र बेताने सराव केल्यास दहा-पंधरा दिवसांत रक्तातील द्रवभाग वाढून शरीर उष्णतेस सरावते, आणि हे भांडवल फुकटचे आहे. घाटांची वाण मात्र मोठी. माणिकगडच्या डोंगरावर जिवतीकडे चढणारा रस्ता सोडल्यास फारसे काही हाती लागत नाही. आलापल्लीकडच्या रस्त्यांवर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, आणि ताडोब्याच्या बाजूस पहाटे निघावे तर प्रशिक्षकाच्या वेळापत्रकाआधी वाघाचे पाहावे लागते!

स्पर्धेची सोय आता दूर राहिलेली नाही, कारण जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय दर्जाची ‘पुणे ग्रँड टूर’ भरली. अडचण पैशाच्या तरतुदीची आहे, आणि माझ्या मते ती वाघाहून बिकट. आज आठवीत असलेल्या मुलास २३ वर्षांखालील शर्यतींसाठी नऊ-दहा वर्षेच उरतात. त्यांतील पहिली काही दुसऱ्यांच्या बाटल्या वाहण्यात जाणार, दरसालच्या अहवालात त्याच्या नावापुढचा पदकाचा रकाना कोरा राहणार, आणि तशा अहवालावरही पुढील हप्ता मंजूर करावा लागणार.