भाकरी, कोरड्यास आणि मेंदू

मंडळी, सुरुवात आपल्या नगरच्या ताटापासून करतो. कर्जत, जामखेड, पाथर्डी या बाजूला रब्बीची ज्वारी. ताटात भाकरी, तिच्याबरोबर मटकीची उसळ नाहीतर पिठलं, थंडीत हुलग्याचे शेंगोळे. आता यातलं कोरड्यास काढून घ्या. भाकरी आणि ठेचा उरला. पोट तर भरतं. मग बिघडतं काय?

प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ आपल्या शरीराला तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. माळ ओवताना एका रंगाचे मणी संपले की बाकीच्यांचा ढीग असूनही ओवणं थांबतं, तसं हे आहे. ज्वारीत आधी संपणारा मणी म्हणजे लायसिन. तिच्या १०० ग्रॅम प्रथिनात ते २ ग्रॅमच्या आसपास असतं. प्रौढ माणसाला ४.५ ग्रॅम लागतं. डाळी-कडधान्यांत ते ६-७ ग्रॅम असतं. म्हणून पिठलं.

पण ही उणीव जनावराला कळते का? उंदराला कळते. एकच अत्यावश्यक अमिनो आम्ल वगळलेलं खाणं त्याच्यापुढं ठेवलं, तर तो आधी खातो आणि अर्ध्या-एक तासात हात आखडता घेतो. वजन घटायला तर अजून दिवस जायचे असतात! कळतं कुठं? जिभेवर नाही. १९७१ साली लिऊंग आणि रॉजर्स यांनी उंदराच्या मेंदूतला पिरिफॉर्म कॉर्टेक्सचा पुढचा भाग निकामी केला. हा भाग एरवी वासाशी जोडलेला. ते उंदीर तेच अपुरं खाणं निमूट खात राहिले. पुढं असंही दिसलं, की उणं असलेलं आम्ल थेंबभर त्याच जागी सोडलं तर धडधाकट उंदीरही पुन्हा खायला लागतो.

पेशीत अमिनो आम्लं वाहून नेणारे हमाल असतात, टी-आरएनए नावाचे. आम्ल मिळालं नाही की हमाल रिकामा हिंडतो. रिकामे हमाल वाढले की जीसीएन२ नावाचं विकर जागं होतं आणि धोक्याची सूचना देतं. हे २००५ साली डोरोथी गीटझन यांच्या गटानं मांडलं. २०१५ मधल्या एका फेरतपासणीत मात्र जीसीएन२ नसलेल्या उंदरांनाही उणीव ओळखता आली. म्हणजे वाद मिटलेला नाही. विज्ञानात हे चालायचंच.

आता मनाकडं येऊ. ट्रिप्टोफॅन या आम्लापासून मेंदूत सेरोटोनिन बनतं. भूक, झोप, मनःस्थिती या सगळ्यांत त्याचा हात. मेंदूच्या दारात ट्रिप्टोफॅन, ल्युसिन आणि आणखी काही आम्लं एकाच रांगेत उभी असतात. ल्युसिनची गर्दी झाली की ट्रिप्टोफॅन मागं राहतं. फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की केवळ मक्यावर ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन कमी होतं.

ज्वारीत ल्युसिन भरपूर. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ल्युसिन आणि पेलाग्रा यांचा संबंध मांडला. शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिनही बनवतं. ६० मिलिग्रॅममधून सुमारे १ मिलिग्रॅम. ती वाट अडली की उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात, आणि माणूस उदास, गप्प होतो. १९६५ मध्ये बेलवाडी आणि गोपालन यांनी ज्वारीचा आहार देऊन कुत्र्यांमध्ये काळ्या जिभेचा रोग, म्हणजे पेलाग्राचाच भाऊ, घडवून दाखवला. सगळ्या ज्वारीखाऊंना पेलाग्रा होत नाही, हे लगेच सांगतो. भाकरीशी माझं भांडण नाही. दूध, कडधान्य, शेंगदाणे ताटात असले की गणित बदलतं.

गाय या बाबतीत सुखी. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव कडब्यातून अमिनो आम्लं घडवून देतात. कोंबडीला ती सोय नाही. सोयापेंड महागली म्हणून नुसत्या मक्याच्या भरड्यावर पक्षी ठेवले, की वाढ खुंटते. गंमत म्हणजे उणीव थोडीच असेल तर कोंबडी उलट जास्त खाते आणि चरबी धरते. खाद्य संपतंय म्हणून मालक खूश! ट्रिप्टोफॅन वाढवलं तर कोंबड्यांचं एकमेकींची पिसं टोचणं कमी होतं, असंही प्रयोगांत दिसलंय.

आता ऊसतोडीला निघालेलं कुटुंब आठवा. पहाटे फडावर जायचं, दुपारी फडक्यातली भाकरी आणि ठेचा. डाळ शिजवायला वेळ नाही, सरपण नाही, पैसाही नाही. संध्याकाळी एखादी बाई चिडचिडी झाली, गप्प बसली, तर आपण म्हणतो, दमली असेल. ती दमलेली असतेच. पण हातावर, गळ्यावर काळे चट्टेही दिसत असतील, तर तिच्या ताटात कोरड्यास काय होतं, हे आधी विचारा.